हिस्लॉपचे कागद

हिस्लॉप म्हटलं की नागपुरातल्या हुडकेश्वरच्या पोरांना त्या नावाचं कॉलेज आठवतं. माणूस मात्र स्कॉटिश पाद्री, स्टीफन हिस्लॉप. १८४५ पासून नागपुरात. प्रवचनं सांभाळून या गड्यानं जीवाश्म गोळा केले आणि परधान भाटाच्या तोंडून गोंडांच्या लिंगो या आदिपुरुषाची गाथा उतरवून घेतली. (धर्मांतराबद्दल तुमचं मत काहीही असो, हे काम नाकारता येत नाही.) सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात तो बुडाला. त्याच्या या नोंदींचे कागद अर्धवटच होते. मध्य प्रांताचा तेव्हाचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यानं ते १८६६ मध्ये पुस्तकरूपात छापले. त्याची प्रवचनं आज कोण वाचणार? लिंगोगाथेसाठी मात्र अभ्यासकांना अजूनही हेच पुस्तक उघडावं लागतं.