गुणांची फ्रेंच आणि छंदाचा कॅमेरा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील मराठी मध्यमवर्गीय घरांतून आज दोन गोष्टी वारंवार दृष्टीस पडतात. घरातील कोणी मुलगा वा मुलगी फ्रेंच शिकत असते, आणि कोणास तरी छायाचित्रे काढण्याचा नाद असतो. पुष्कळदा हे दोन्ही व्यासंग एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेले असतात. आठवडाभर क्रियापदांची कोष्टके घोकावयाची आणि रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून कान्हेरीची लेणी गाठावयाची, अथवा हिवाळ्यात भांडुपच्या खाडीकाठी रोहित पक्ष्यांची वाट पाहत बसावयाचे, असा हा क्रम. वडीलधाऱ्या मंडळींस हे पाहून ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आठवते. या आक्षेपाचा परामर्श घ्यावा, आणि आक्षेपकांच्या नजरेतून निसटलेला खरा दोष कोणता तेही दाखवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आक्षेपाकडे पाहू. मुख्य विद्येच्या जोडीस दुसरा छंद बाळगला म्हणजे दोन्ही बुडतात, ही समजूत मुंबईच्या इतिहासाला धरून नाही. दागेर याची छायाचित्रणाची कृती पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगापुढे मांडली गेली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. आणि १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या कलेचा वर्गही निघाला. त्या संस्थेच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. वैद्यकी हा त्यांचा व्यवसाय आणि छायाचित्रण हा त्यांचा छंद. एकाने दुसऱ्याचा घात केल्याचे कोणी म्हटलेले नाही. भाषेचे म्हणाल, तर लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या बंदिवासात, वयाची पन्नाशी उलटल्यावर, जर्मन आणि फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. गीतेवरील महाग्रंथ हाती असता जर या पुरुषाने परभाषेची क्रियापदे पाठ करण्यात कमीपणा मानला नाही, तर बारा तासांपैकी तीन तास लोकलगाडीत घालविणाऱ्या उपनगरवासीयाने तो का मानावा?

तेव्हा दोष दोन छंद असण्यात नाही. तो आहे आपण फ्रेंच ज्या वाटेने घरात आणतो त्या वाटेत.

अकरावीला प्रवेश घेताना दुसरी भाषा निवडण्याची वेळ येते, आणि अनेक घरांत मराठी सोडून फ्रेंच घेतली जाते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: ‘फ्रेंचला गुण चांगले पडतात.’ शाळांतून दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा कायदा महाराष्ट्राने २०२० मध्ये केला. परंतु कायद्याचा हात जेथे थांबतो, तेथेच आपले मातृभाषेवरील प्रेमही थांबते. बरे, गुणांसाठी का होईना, एक समृद्ध भाषा घरात आली असे म्हणून समाधान मानावे, तर तेही करता येत नाही. कारण ही फ्रेंच इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकविली जाते. पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरण इंग्रजी, शिक्षकाचे विवरण इंग्रजी, वहीतील अर्थ इंग्रजी. परिणाम असा होतो की, मराठी बोलणाऱ्या मुलाला जे नियम ओळखीचे वाटावयास हवे, तेच त्याला विचित्र व जुलमी वाटू लागतात.

हे विधान आम्ही हवेत करीत नाही. ‘प्रांद्र’ हे क्रियापद घ्या. त्याचा अर्थ घेणे. फ्रेंच माणूस या एकाच क्रियापदाने आगगाडीही ‘घेतो’ आणि छायाचित्रही ‘घेतो’. तेव्हा आपल्या छांदिष्ट उपनगरवासीयाला याहून अधिक कामाचे क्रियापद मिळावयाचे नाही. आता ‘मी पकडलेली गाडी’ असे म्हणावयाचे असता या क्रियापदाचे रूप ‘प्री’ असे होते, कारण फ्रेंचमध्ये गाडी पुल्लिंगी आहे. आणि ‘मी काढलेला फोटो’ असे म्हणावयाचे असता ‘प्रीझ’ होते, कारण तेथे फोटो स्त्रीलिंगी आहे. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, रूप बदलले ते कर्माच्या लिंगाप्रमाणे. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी येथे डोके धरून बसतो, कारण इंग्रजी क्रियापदाला कर्माच्या लिंगाची दादफिर्याद नाही. परंतु मराठी मुलाने डोके का धरावे? त्याच्या बहिणीने गाडी पकडली, फोटो काढला, चित्र काढले. या तीन वाक्यांत क्रियापद कोणाच्या तंत्राने चालले आहे? मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले. त्यांच्यासारख्या वैयाकरणांनी ज्याला कर्मणी प्रयोग म्हणून उलगडून दाखविले, तोच हा प्रकार. फ्रेंचमध्ये तो कर्म आधी आले असताच दिसतो, मराठीत तो नित्याचा आहे, एवढाच भेद. तसेच येणे, जाणे, निघणे अशा काही मोजक्या गमनवाचक क्रियापदांचे भूतकाळी रूप फ्रेंच लेखनात कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. ‘तो गेला, ती गेली, त्या गेल्या’ असे जन्मापासून म्हणणाऱ्यास यात शिकावयाचे काय उरले?

तोच न्याय पुढेही लागू पडतो. वडीलधाऱ्यांस व परक्यांस ‘तुम्ही’ आणि जवळच्यास ‘तू’ हा भेद फ्रेंचमध्ये ‘व्हू’ व ‘त्यू’ असा जिवंत आहे. इंग्रजीत तो केव्हाच मावळला. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावेस’ ज्याला सहज येते, त्याला फ्रेंचमधील इच्छादर्शक रूपांचा बागुलबुवा वाटण्याचे कारण नाही. ते आपल्या विध्यर्थाचे जवळचे नातलग आहे. हे साम्य सर्वत्र तंतोतंत जुळते असे आमचे म्हणणे नाही. अपवाद त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडेही आहेत. परंतु गुणांच्या लोभाने मराठी सोडून फ्रेंच घेणाऱ्याने कुलूप विकत आणले आणि घरात असलेली किल्ली रद्दीत घातली, असे म्हणणे भाग आहे.

आता या सर्वांत कॅमेऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम मोठे आहे. क्रियापदाच्या काळाचा अर्थ कोष्टकाने कळत नाही. तो डोळ्यांनी पाहावा लागतो. घाटकोपरच्या फलाटावर उभे राहून न थांबणाऱ्या जलद गाडीचे छायाचित्र घ्या. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहिले, तर गाडी जागच्या जागी खिळलेली दिसेल. अष्टमांश सेकंद उघडे राहिले, तर तिचा एक लांबच लांब पट्टा उमटेल. गाडी तीच, फलाट तोच. पहिल्या चित्राचे वाक्य ‘गाडी गेली’ असे आहे, दुसऱ्याचे ‘गाडी जात होती’ असे. फ्रेंचमधील ज्या दोन भूतकाळांनी विद्यार्थ्यांची झोप उडविलेली असते, त्यांतील भेद बहुतांशी हाच आहे: घटना संपलेली म्हणून सांगावयाची, की चालू असलेली म्हणून दाखवावयाची. मराठी येथे एक पाऊल पुढेच आहे. ‘जात होती’ आणि ‘जात असे’ हे दोन अर्थ आपण वेगळे ठेवतो, फ्रेंच दोहोंना एकच रूप देते. हा विवेक ज्याने कॅमेऱ्याच्या साहाय्याने एकदा केला, त्याला कोष्टक पाठ करावयास निम्मा वेळ पुरेल.

यावर नव्या पिढीचा एक आक्षेप येतो. खिशातील यंत्र आता भाषांतर करते आणि प्रकाशही मोजते. मग क्रियापदांची आणि शटरची ही यातायात कशासाठी? उत्तर सोपे आहे. यंत्र प्रकाश मोजील, पण गाडी खिळलेली दाखवावी की धावती, ही इच्छा यंत्राची नव्हे. यंत्र वाक्य जुळवील, पण ‘गेली’ म्हणावे की ‘जात होती’, हे ज्याने गाडी पाहिली त्यानेच ठरवावयाचे. ज्याला हा भेदच ठाऊक नाही, त्याला यंत्राने केलेली चूक चूक म्हणून ओळखताही यावयाची नाही.

मध्यस्थावर विसंबण्याने काय हरवते, याचे एक उदाहरण छायाचित्रणाच्याच इतिहासात आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार १९४७-४८ मध्ये भारतात होता. गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्याने घेतलेली चित्रे सर्वश्रुत आहेत. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १९५२ मध्ये निघाला. इंग्रजी आवृत्तीला ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाचे भारदस्त नाव मिळाले, आणि जगभरचे हौशी छायाचित्रकार तेव्हापासून त्या क्षणाच्या शोधात आहेत. परंतु मूळ फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे आहे. त्यातील ‘सोव्हेत’ हा शब्द ‘सोव्हे’, म्हणजे वाचविणे, या क्रियापदापासून निघालेला. तेच क्रियापद आत्मवाचक झाले म्हणजे पळ काढणे असा अर्थ होतो. परवान्यावाचून रस्त्यावर माल मांडणारा आणि अंमलदार दिसताच गाठोडे उचलणारा जो फेरीवाला, त्याच्या विक्रीला फ्रेंच लोक हाच शब्दप्रयोग लावतात. बोरिवली स्थानकाबाहेर महापालिकेची गाडी आल्याबरोबर चादरीची चार टोके एकत्र करून दिसेनासा होणारा विक्रेता ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव समजावून सांगावयास नको. चोरट्या घाईने, पळण्याच्या तयारीत टिपलेली चित्रे, असा तो भाव. एका क्रियापदाची ओळख नसल्याने नम्र आणि मिस्कील नावाच्या जागी भारदस्त सिद्धांत येऊन बसला. आणि रोलाँ बार्त याने १९८० च्या आपल्या ग्रंथात छायाचित्राचे मर्म सांगावयाचे ठरविले, तेव्हा ते त्याने ‘असणे’ या क्रियापदाच्या एका भूतकाळी रूपातच सांगितले. मराठीत त्यासाठी ‘होते’ म्हणावे की ‘होऊन गेले’, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर देणारा माणूस फ्रेंच, मराठी आणि कॅमेरा ही तिन्ही जाणणारा असावा लागेल.

मराठीचे ऋण फ्रेंचांनी आपल्याआधी ओळखले, हे सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. आपल्या भाषेच्या उत्क्रांतीचा पायाभूत शास्त्रीय ग्रंथ झ्यूल ब्लोक याने फ्रेंचमध्ये लिहिला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने तो मराठीत आणला. गी दलरी याने तुकोबांचे अभंग १९५६ मध्ये, आणि शार्लोत व्होदव्हील या विदुषीने ज्ञानदेवांचा हरिपाठ १९६९ मध्ये फ्रेंचमध्ये नेला. या मंडळींनी ‘केला, केली, केले’ ही आपली क्रियापदे किती परिश्रमाने आत्मसात केली असतील! आणि आपण ती जन्मतः लाभली असता अकरावीच्या प्रवेशअर्जावर एका खुणेने सोडून देतो.

म्हणून आमची मागणी तीन प्रकारच्या लोकांकडे आहे. फ्रेंचच्या शिक्षकांनी ज्या वर्गात मराठी मुले आहेत, तेथे कर्तरी आणि कर्मणी हे दोन शब्द फळ्यावर लिहिण्यास भिऊ नये. पालकांनी फ्रेंच अवश्य शिकवावी, परंतु गुणांच्या हिशोबात मराठीच्या बदल्यात नव्हे. आणि छांदिष्टांनी रविवारी काढलेल्या शंभर चित्रांपैकी पाचच निवडावी, आणि प्रत्येकाखाली एक मराठी व एक फ्रेंच वाक्य लिहावे; क्रियापद दोहोंतही स्वतः निवडावे. अंधेरी ते घाटकोपर मेट्रो २०१४ पासून धावते आहे. सोमवारी कामावर जाताना तेवढ्या प्रवासात ही दहा वाक्ये खुशाल तपासून होतील.