सौर विद्युत्संच : जाड तार की वाढीव दाब?

केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या कुसुम योजनेमुळे सौरपंप आता शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. काही बागायतदार सौर पॅनेल, बॅटऱ्या व एकदिश प्रवाहावरील लहान पंप असा संच स्वतःच बसवून घेतात. त्या वेळी किंमत बारकाईने पाहिली जाते. परंतु संच किती व्होल्ट दाबाचा असावा, हा प्रश्न मागेच राहतो. आमच्या मते तोच प्रथम विचारला पाहिजे.

कारण सरळ आहे. विद्युत्शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार होय. ४८० वॅटच्या पंपाला १२ व्होल्टवर ४० अँपिअर प्रवाह लागतो, तर ४८ व्होल्टवर अवघा १० अँपिअर. बॅटऱ्यांपासून विहीर ३० मीटर दूर असल्यास जाण्यायेण्याची मिळून ६० मीटर तार होते. ६ चौरस मिलिमीटर छेदाच्या अशा तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.१७५ ओहम भरतो. तीतून ४० अँपिअर वाहू लागल्यास ७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील. उरलेल्या ५ व्होल्टवर पंप चालणार नाही आणि पीक तहानलेलेच राहील. ४८ व्होल्टवर त्याच तारेत पावणेदोन व्होल्ट, म्हणजे शेकडा चारांहूनही कमी घट येते. १२ व्होल्टवर घटीचे हेच प्रमाण राखावयाचे तर ९६ चौरस मिलिमीटर छेदाची तार लागेल. दाब चौपट केल्यास तांबे सोळाव्या हिश्श्यावर येते, ते असे.

१२ व्होल्टचे साहित्य सहज मिळते, असा युक्तिवाद केला जातो. दोन-चार मीटरवरील दिव्यांपुरता तो मान्य करावा, विहिरीसाठी नव्हे. १२ व्होल्टच्या चार सारख्या बॅटऱ्या समांतर जोडल्या काय किंवा एकापुढे एक जोडल्या काय, विजेचा साठा तेवढाच राहतो. मात्र पंप व चार्ज कंट्रोलर ४८ व्होल्टचेच हवेत. बटन व फ्यूजही एकदिश प्रवाहासाठी बनविलेले असावेत. कारण या प्रवाहाची ठिणगी घरगुती विजेच्या ठिणगीप्रमाणे चटकन विझत नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनी दरपत्रकात दाब, अंतर, तारेचा छेद आणि अपेक्षित घट या चार बाबी लिहून घ्याव्यात, व त्यानंतरच पैसे मोजावेत.