मागच्या जन्मीचं आयतं प्रेम

पुनर्जन्माच्या प्रेमकादंबरीची सुरुवात वाचकाला तोंडपाठ असते. दोन अनोळखी माणसं रेल्वेच्या डब्यात, लग्नघरी नाहीतर एखाद्या पडक्या वाड्यात समोरासमोर येतात. तिला वाडा आधी पाहिल्यासारखा वाटतो, त्याला तिचा आवाज ओळखीचा वाटतो. पुढे एक स्वप्न पडतं, माळ्यावर एक जुनं चित्र सापडतं, मनगटावरची जन्मखूण जुळते आणि शे-दीडशे वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली गोष्ट शेवटच्या पानावर पुरी होते. वाचनालयात अशा पुस्तकाला मागणी असते. वाचक ते एका बैठकीत संपवतो, परत करतो, आणि आठवड्याभरात नायिकेचं नावही विसरून जातो.

असं का व्हावं? विषयात दम नाही असं म्हणायची सोय नाही. प्रेम आणि मरण एकाच गोष्टीत असताना दम कमी कसा पडेल? खोट लिहिण्यात आहे. साध्या प्रेमकथेत ही दोनच माणसं एकमेकांकडे का ओढली गेली, हे लेखकाला दाखवावं लागतं. तिचं एखादं तिरकस उत्तर, त्याचा संकोच, घरच्यांची कुरबुर, आठ दिवसांचा अबोला, सगळं रचावं लागतं. पुनर्जन्माच्या कादंबरीत मात्र ‘ही दोघं आधीही एकत्र होती’ एवढं सांगितलं की काम भागतं. पूर्वजन्म लेखकाच्या कष्टांची जागा घेतो. ज्यांचं प्रेम होताना पाहिलंच नाही, त्यांचं मीलन झालं काय आणि न झालं काय, वाचकाच्या पोटात काही हलत नाही.

ब्रायन वाइस या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचं ‘ओन्ली लव्ह इज रिअल’ हे १९९६चं पुस्तक याचं ठळक उदाहरण आहे. ते सत्यकथा म्हणून लिहिलेलं असलं, तरी त्याची बांधणी कादंबरीचीच आहे. एलिझाबेथ आणि पेद्रो या दोन रुग्णांच्या पूर्वजन्मांच्या आठवणी एकमेकांत बसतात, हे डॉक्टरांच्या लक्षात येतं. त्या दोघांना मात्र काहीच माहीत नसतं. रुग्णाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हे डॉक्टरांवर बंधन. म्हणून ते दोघांच्या वेळा अशा लावतात की प्रतीक्षागृहात गाठ पडावी. गाठ पडते आणि काहीच घडत नाही. पुस्तकातला सगळ्यात जिवंत क्षण हाच आहे. जन्मोजन्मीचे सोबती समोरासमोर येतात आणि दोन अनोळखी माणसांसारखे आपापल्या वाटेने निघून जातात! इथे थांबून विचार करावा, तर लेखक घाईने दोघांना एका विमानात बसवतो आणि गोष्ट मार्गी लावतो. त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांचं काय सोसलं, काय सांभाळलं, यासाठी पुस्तकात जागाच उरत नाही.

वऱ्हाडातल्या वाचकाला हे उणेपण अधिक जाणवायला हवं. मन पूर्वजन्मीची संगत ओळखतं, हा विचार संस्कृत काव्यात जिथे सर्वांत ठसठशीतपणे आला आहे, तो प्रसंग विदर्भाच्या राजधानीतलाच आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त विदर्भाची राजकन्या इंदुमती स्वयंवरात अयोध्येच्या अजाला माळ घालते. सातव्या सर्गात वरात नगरातून निघते, तेव्हा गवाक्षांतून पाहणाऱ्या बायका आपापसांत बोलतात. एवढ्या राजांमधून हिने नेमका आपल्याला साजेसा नवरा निवडला, म्हणजे ही दोघं पूर्वीचे रती-मदनच असणार, असं त्यांचं म्हणणं. कालिदासाने हे सिद्धांत म्हणून कुणा ऋषीच्या तोंडी घातलेलं नाही. वरात पाहायला कामं टाकून खिडकीशी धावलेल्या बायकांच्या कौतुकातून ते आलं आहे. काव्यात विदर्भाच्या राजाला कुंडिनाचा स्वामी म्हटलं आहे. हे कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीकाठचं आजचं कौंडण्यपूर, असं परंपरा मानते. रुक्मिणीचं माहेर तेच, आणि आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते तीही तिथूनच.

सुमार कादंबरीकार सातव्या सर्गावरच पुस्तक संपवेल. कालिदास आठवा सर्ग लिहितो.

नगराबाहेरच्या बागेत अज आणि इंदुमती बसलेली असतात. आकाशमार्गाने जाणाऱ्या नारदाच्या वीणेवरची दिव्य फुलांची माळ वाऱ्याने सुटते, इंदुमतीच्या छातीवर पडते आणि ती जागच्या जागी गतप्राण होते. अजाचा विलाप संस्कृत वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यानंतरचा भाग मात्र कमी आठवला जातो. वसिष्ठ यज्ञाची दीक्षा घेऊन बसलेले असतात, म्हणून ते शिष्याकरवी निरोप पाठवतात. इंदुमती पूर्वी हरिणी नावाची अप्सरा होती. तृणबिंदू ऋषींचा तपोभंग करायला इंद्राने तिला धाडलं होतं, आणि दिव्य फुलं दिसेपर्यंत माणूस म्हणून जगण्याचा शाप तिला मिळाला होता. हा झाला पूर्वजन्माचा सगळा उलगडा. त्यानंतर शिष्य जे सांगतो ते भयंकर आहे: तिच्यामागोमाग मेलास तरी ती भेटणार नाही, कारण परलोकी गेलेल्यांच्या वाटा ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे वेगळ्या होतात.

एकाच काव्यात, लागोपाठच्या दोन सर्गांत, कालिदासाने ही दोन टोकं ठेवली आहेत. लग्नाच्या दिवशी बायका म्हणतात, मनाला मागची ओळख असते. मरणानंतर गुरू सांगतात, पुढची भेट गृहीत धरू नकोस. मधलं आयुष्य अजाला जगायचं आहे. मुलगा दशरथ लहान आहे, म्हणून तो आठ वर्षं काढतो. तिच्यासारखं काही दिसलं की पाहत राहतो, तिच्या चित्राकडे पाहतो, स्वप्नात क्षणभर ती भेटते तेवढ्यावर दिवस ढकलतो. दोघांची भेट कालिदास शेवटी घडवतो, पण गंगा-शरयूच्या संगमावर अजाने देह ठेवल्यानंतर. पूर्वजन्माची माहिती मिळाल्याने अजाचं दुःख तसूभरही हललं नाही, हे या सर्गाचं मोठेपण आहे. आजच्या कादंबरीत तीच माहिती मिळाली की सगळे प्रश्न सुटतात.

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त तर ओळख पटतच नाही. अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता आपल्या मेलेल्या पुंडरीकाची वाट पाहत तप करते आहे. पुंडरीक वैशंपायन होऊन जन्म घेतो, फिरत फिरत त्याच सरोवरावर येतो, आणि हरवलेलं काही शोधावं तसा बेचैन होतो. तो तिच्याजवळ प्रेमाची भाषा बोलू लागतो. आणि जी त्याच्यासाठीच थांबली आहे, ती महाश्वेता त्याला परपुरुष समजून शाप देते: पोपट हो! बाणाच्या पश्चात त्याच्या मुलाने पुऱ्या केलेल्या भागातला हा प्रसंग आहे. तिची निष्ठा खरी आहे, म्हणूनच तिच्या हातून हा घात होतो. ही एक कल्पना सुचायला केवढी हिंमत लागली असेल! पहिल्या नजरेत जन्मांतरीची खूण पटवून देणाऱ्या लेखकांनी या प्रसंगापाशी महिनाभर तरी मुक्काम ठोकायला हवा.

हिंदी सिनेमातही जिथे हा विषय उभा राहिला, तिथे या जन्माचा हिशेब सुटलेला नाही. कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) नायक स्वतःला पूर्वीच्या प्रियकराचा अवतार समजून एका सावलीमागे लागतो. ती सावली निघते माळ्याची मुलगी, आणि मधल्यामध्ये त्याची लग्नाची बायको जिवानिशी जाते. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त (१९५८) नायक पूर्वजन्म आठवतो तेव्हा त्याचं लग्न झालेलं असतं, मूल झालेलं असतं, ज्या बायकोला आणायला तो निघालेला असतो तीच मधुमती ठरते. आठवण येण्याआधीच संसार थाटलेला आहे, त्यामुळे पूर्वजन्म तिथे प्रेमाला पर्याय म्हणून येत नाही.

मराठी घरात पूर्वजन्म बोलण्यात सहज येतो, पण तो फक्त नवरा-बायकोपुरता कधीच नसतो. नात आजीसारखी हसली की ‘आजीच परत आली’ म्हणतात. शेजारी अडीनडीला धावून आला की ऋणानुबंध निघतात. वटपौर्णिमेला अकोल्यात काय किंवा अंजनगावात काय, बाया वडाला सूत गुंडाळतात आणि हाच नवरा सात जन्म मिळो म्हणतात. तिथे मागचं काही आठवत नसतं, पुढचं मागायचं असतं, तेही उपास धरून. ज्या सावित्रीच्या नावाने हे व्रत चालतं, तिने सत्यवानाला आधीच निवडलं होतं, आणि त्याचं आयुष्य वर्षभराचंच उरलं आहे हे नारदाकडून कळल्यावरही ती निवड बदलली नाही. महाभारतातल्या त्या कथेत पूर्वजन्मीची ओळख कुठेच नाही. आपल्या शब्दाला जागणारी एक मुलगी आहे.

चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांचं आयुष्य तर कादंबरीच्या आवाक्याबाहेरचं वाटावं असं आहे. अगदी तान्हेपणी दृष्टी गेली. शेतकरी कुटुंबातल्या या माणसाने अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले, डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा समाचार घेतला. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि कृष्णाची पत्नी मानत. पूर्वी आपण गोकुळातली गोपी होतो अशी त्यांची धारणा होती. ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. १९०० सालच्या सुमाराचं वऱ्हाडातलं खेडं, डोळे नसलेला तरुण पुरुष आणि गळ्यात कृष्णाच्या नावाचं मंगळसूत्र! हा भाव त्यांनी उघडपणे, रोज, भावकीच्या नजरेसमोर जगून दाखवला. घरात मनकर्णिकाबाई होत्या, त्यांच्या लग्नाच्या पत्नी. चरित्रांत महाराज मध्यभागी असतात आणि त्या कडेला. जन्मांतरीच्या पतीवर जीव जडलेल्या नवऱ्याच्या घरात पाणी भरणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या बाईचा दिवस कसा जात असेल, हे विचारण्यात महाराजांविषयी अनादर नाही. कादंबरीकाराने तेच विचारायचं असतं.

ज्या रिद्धपूरला अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, तिथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. त्यातली चक्रधरांची पूर्वकथा अशीच गुंतलेली आहे. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरण पावतो, आणि द्वारकेच्या चांगदेव राउळांचा जीव त्या देहात प्रवेश करतो. सरणापर्यंत गेलेला नवरा घरी परततो. बायको कमळाइसा त्याच्याशी पुढे संसार करते. देह तोच आहे, आतला जीव दुसरा. पुढे जुगारातलं देणं फेडायला तो तिचे दागिने मागतो, ती नाही म्हणते, त्याचं मन विटतं आणि रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून तो घर सोडतो. सातशे वर्षांपूर्वीच्या या मराठी ग्रंथात देहांतर आहे, वैराग्य आहे, आणि दोन्हींच्या मध्ये दागिन्यांवरून झालेलं नवरा-बायकोचं भांडणही आहे.

नागपूरचं प्रकरण तर आपल्या पिढीतलं. १९७४ साली तिशी ओलांडलेली एक उच्चशिक्षित मराठी बाई एकाएकी बंगाली बोलू लागली. आपण शारदा, बंगालमधली, सर्पदंशाने गेलेली, असं ती सांगू लागली. ही अवस्था कधी काही तास, कधी काही आठवडे टिकायची. इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला, आणि स्टीव्हन्सन यांनी १९८४च्या पुस्तकात ही न शिकलेली भाषा बोलण्याची घटना म्हणून मांडली. सारा थॉमसन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. तिने आधी थोडंफार बंगाली शिकलं होतं, हाही मुद्दा निघाला. तो वाद बाजूला ठेवू. शारदा झालेली असताना तिला मराठी कळत नसे, घरची माणसं ओळखू येत नसत. म्हाताऱ्या आईबापांना आपल्या लेकीशी चार शब्द बोलायचे तर बंगाली जाणणारं माणूस मध्ये लागायचं. ती मागच्या जन्मीच्या नवऱ्याविषयी बोलायची, आणि हे दोघं तिच्या ताटात काय वाढावं याच्या विचारात. एखाद्या सकाळी ती पुन्हा मराठी बोलू लागली की मधल्या दिवसांत काय झालं, हे तिला कुणी सांगायचं, आईने की बापाने? किती सांगायचं, कोणत्या शब्दांत? विदर्भातल्या लेखकाला या विषयावर कादंबरी लिहायची असेल, तर पहिलं प्रकरण त्या स्वयंपाकघरात सुरू करता येईल.