वानखेडेतले आसन कोणाचे?

१/ मोठी क्रीडास्पर्धा शहरात आली की चर्चा रोषणाईची, गर्दीची आणि अभिमानाची होते. यजमानपदाचा खर्च कोण उचलतो आणि आसन कोणाला मिळते, हे प्रश्न मागे पडतात. मुंबईत या प्रश्नांचा इतिहास चर्चगेटपाशी सुरू होतो.

२/ समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. शहरातील क्रिकेटचा कारभार मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशनकडे. कसोटी सामन्याची किती तिकिटे असोसिएशनच्या वाट्याला यावीत, यावरून दोन्ही संस्थांत वर्षानुवर्षे वाद धुमसत राहिला.

३/ अखेर असोसिएशनने ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधले. जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. असोसिएशनचे अध्यक्ष बॅ. शेषराव वानखेडे त्या वेळी विधानसभेचेही अध्यक्ष होते. बांधकाम सुमारे वर्षभरात उरकले. सत्ता आणि क्रीडासंघटना एकाच हाती आल्या की कामाला कसा वेग येतो, हे शहराने पाहिले.

४/ जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याच्या अभिनंदनासाठी मैदानात धावलेल्या प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली. प्रेक्षक खवळले आणि खेळ थांबवावा लागला. सामना म्हणजे पोलीस बंदोबस्तही, हे पहिल्याच कसोटीत दिसून आले.

५/ पुढे मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख यांनी संघटनेचे अध्यक्षपद भूषवले. तिघेही कधी ना कधी राज्याचे मुख्यमंत्री होते. अशा नेतृत्वामुळे परवाने लवकर मिळतात आणि मोठे सामने शहरात येतात, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु ज्यांनी जनतेच्या वतीने हिशेब मागायचा, तेच यजमान झाले तर हिशेब कोणी मागायचा?

६/ २ एप्रिल २०११. विश्वचषकाचा अंतिम सामना. आसने सुमारे ३३,०००. सर्वसामान्यांसाठी खुल्या विक्रीला जेमतेम ४,००० तिकिटे. बहुतेक आसने संलग्न क्लब आणि क्रिकेट संस्थांच्या वाट्याला गेली. तिकिटांच्या भांडणातून जन्मलेल्या या वास्तूने क्लबांचा प्रश्न सोडवला. सामान्य प्रेक्षक त्या भांडणात पक्षकार कधीच नव्हता.

७/ बंदोबस्ताचा प्रश्नही असाच. आयपीएल सामन्यांच्या पोलीस शुल्काची कोट्यवधींची थकबाकी साचली. २०२३ मध्ये सरकारने शुल्कच मोठ्या प्रमाणात घटवले आणि ही सवलत २०११ पासूनच्या सामन्यांना लागू केली. निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. पोलीस शहराचे, उत्पन्न आयोजकांचे, आणि सवलत सार्वजनिक तिजोरीतून!

८/ या क्रमाला एक ठळक अपवाद आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागत होते. तेव्हा एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मुंबईचा अंतिम सामना बंगळुरूला गेला. मैदानांना लागणारे पाणी दुष्काळग्रस्तांना पुरले असते का, हा मुद्दा गौण होता. सार्वजनिक साधनांवर पहिला हक्क कोणाचा, हे विचारले गेले, हे महत्त्वाचे. खेद इतकाच की ते न्यायालयाला विचारावे लागले. विधिमंडळ आणि महापालिका यांना नव्हे.

९/ २०३६ च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी भारताने इच्छापत्र दिले आहे. स्पर्धा नाकाराव्यात, असे वानखेडेचा इतिहास सांगत नाही. तो इतकेच सुचवतो की जमिनीचा करार, बंदोबस्ताचे शुल्क आणि तिकिटांचे वाटप या तीन गोष्टी स्पर्धेआधी जनतेपुढे मांडल्या जाव्यात. ज्या शहराला हे कागद पाहता येत नाहीत, ते शहर यजमान नसते. ते केवळ भाड्याने दिलेले सभागृह असते.