कुरकुर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही सायकलीच्या कुरकुरीवर. घरचे हसतील. हसू दे.

मे महिन्यात चार दिवस जोह्याला काकांकडे होतो. गणपती म्हटलं की नाव पेणचं निघतं, पण त्यातल्या किती मूर्ती या हमरापूर-जोहे पट्ट्यात घडतात हे गावात शिरल्याशिवाय कळत नाही. घरोघरी कारखाना. ओटीवर, अंगणात, जागा मिळेल तिथे पांढऱ्या मूर्ती वाळत असतात. काकांनी आता काम सोडलंय, पण रोज सकाळी दादाच्या कारखान्यात चक्कर मारायची, ती सायकलवरूनच, हे काही सुटलेलं नाही. सायकल काळी, अठ्ठावीस इंची, अॅटलास. आणि गेलं वर्षभर ती वाजत होती. कट्... कर्र. कट्... कर्र.

दादाने ती दोनदा दुकानात नेली. दोन्ही वेळा "बॉटम गेलाय" हे एकच निदान. कप, एक्सल, छर्रे सगळं नवं घातलं, आठवड्यात आवाज परत हजर! शेवटी घरात ठरलं की सायकल भंगारात द्यायची आणि काकांना रिक्षा लावून द्यायची. काका काहीच बोलले नाहीत. ते मला बरं वाटलं नाही.

मी काही मेकॅनिक नाही. पण जिथून आवाज येतोय असं वाटतं तिथूनच तो येत असतो, हे मला पटत नाही. सायकलीच्या नळ्या पोकळ. एका टोकाला टिचकी मारा, दुसरीकडे घुमते. म्हणून आधी नुसती चालवून बघितली.

पायडल मारायचं थांबवलं, सायकल तशीच पळू दिली. आवाज बंद. म्हणजे चाकांचा दोष नाही. उभं राहून पायडल मारलं. एक बारीक चूंचूं गेली (ती सीटच्या स्प्रिंगची), पण कट्-कर्र तसंच. मग मोजलं. पुढच्या चक्राला ४४ दात आणि चेनला शंभरावर कड्या, म्हणजे एखादी कडी अडकत असती तर दोन-अडीच फेऱ्यांतून एकदा वाजली असती. हे तर प्रत्येक फेरीला वाजत होतं, तेही डाव्या पायावर जोर आला की. शेजारच्या मुलाच्या सायकलीचं डावं पायडल काढून लावून बघितलं. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. दादा दहा मिनिटं ते सोडवण्याऐवजी आवळत होता, हे वहिनींसाठी मुद्दाम नमूद करतो.) फरक शून्य.

राहिला क्रँक. उजवा घट्ट धरून डावा हलवला तर तो हाताला कळेल इतका हलत होता. कॉटर पिनच्या तोंडाशी लालसर भुकटी. लोखंडावर लोखंड घासलं की पडते तशी. पिन ठोकून काढली तर तिच्या सपाट बाजूला चक्क पायरी पडलेली! दोनदा बॉटम नवा झाला, आणि दोन्ही वेळा तीच झिजलेली पिन पुन्हा ठोकून बसवली गेली होती.

नवी कॉटर दोन चहांच्या पैशांत आली. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा धरला, म्हणजे घाव छर्‍यांवर जात नाही. पिन हातोडीने बसवली आणि मग नट आवळला. नुसता नट आवळून पिन ओढायला गेलं तर आटे जातात. दोन दिवस चालवल्यावर परत एकदा ठोकून आवळली. संपलं. तसाच ढिला क्रँक महिनाभर आणखी चालला असता तर नवा एक्सलही खाल्ला असता, आणि एखाद्या चढावर काकांचा पाय सटकला असता.

दुकानदाराला मी फार दोष देत नाही. सायकल चालवून बघायला, कान द्यायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे आपण देतो कुठे? आपण देतो ते पार्टचे. मग पार्टच बदलले जाणार. 'आवाज शोधायचे इतके' असं दुकानात लिहिलेलं असेल तर मी आनंदाने देईन. आणि हे जुन्या सायकलींपुरतं नाही. महागड्या कार्बनच्या सायकलींत आटे नसलेले, नुसते दाबून बसवलेले बॉटम आले आणि त्यांच्या कुरकुरीने लोक इतके पिडले की काही कंपन्या परत आट्यांकडे वळल्या.

अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. पण कॉटर, कप, छर्रे हे सगळ्या काळ्या सायकलींचे सारखेच, त्यामुळे काकांची चिंता नाही. एक जादा पिन त्यांनी फडताळात ठेवली आहे.

तक्रार आली ती वहिनींची. आवाज आला की त्या कारखान्यात चहा टाकायच्या. परवा काका येऊन उभे राहिले तरी कुणाला पत्ता नाही. मी सीटच्या स्प्रिंगला तेल घालायला गेलो, तर काका म्हणाले, "ते राहू दे रे."