शाल, नारळ आणि दोनशे दोनावा श्लोक



यंदाची 14 एप्रिल. मेहकर. निळे झेंडे, डीजे, मिरवणूक, मग सभा. सात वक्ते. झेंडे ज्यानं बांधले, बॅनर ज्यानं रात्रभर जागून रंगवलं, तो आपला एक बहिरा दोस्त पहिल्या रांगेत बसलेला. कुणीतरी म्हणालं, "त्याले काय समजते गा, शाल दे अन् खाली बसव." दिली. नारळ दिला. फोटो काढला. सभा सुटल्यावर त्यानं खुणेनं विचारलं, काय बोलले? आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. शेवटी एकानं पुतळ्याकडं बोट केलं आणि अंगठा वर केला. तीन तासांच्या भाषणांचा एवढाच तर्जुमा. तो हसला. त्याचं ते हसणं आमच्या अजून डोक्यात आहे.

31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. मुके म्हणजे आपण. जीभ होती, बोलायची बंदी होती. मग ज्याला लोक खरोखर मुका म्हणतात त्याचं काय? तो मुका नाहीच. त्याच्या हातात भाषा आहे, व्याकरणासकट. आपल्याला ती येत नाही, आणि अडाणी तो ठरतो! वर आपल्या घोषणा ऐका. बहिऱ्या सरकारचा धिक्कार असो. अरे, सरकारला सगळं ऐकू येतं, ते ऐकून दाबतं. बहिरा माणूस असं करत नाही. ही शिवी आजपासून बंद करा.

मनुस्मृती आपण जाळली, पण वाचली किती जणांनी? नववा अध्याय, 201 वा श्लोक. जन्मांध, बहिरा, वेडा, मुका यांना बापाच्या इस्टेटीत वाटा नाही. लगेच पुढचा 202 वा : त्यांना अन्नवस्त्र मात्र द्यावं. तुकडा टाका, वाटा देऊ नका. गावकुसाबाहेर आपल्याला दुसरं काय मिळत होतं? 25 डिसेंबर 1927 ला महाडला हेही दोन श्लोक जळले. इंग्रजांच्या कोर्टातही ही बंदी चालायची. 1928 च्या कायद्यानं ती बरीचशी उठली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या 28 व्या कलमानं व्यंगाच्या नावावर वारसा नाकारणं संपवलं. हा कायदा त्याच हिंदू कोड बिलाच्या पोटातला, जे रखडवलं म्हणूनही बाबासाहेब 1951 ला मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

आणि आपण भर सभेत शाल दिली. आपली शाल म्हणजे तो 202 वा श्लोक.

बहिऱ्यांच्या नावानं बोलणारे नेहमीच पुष्कळ. 1880 ला इटलीत मिलानला त्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की शाळेत हातांची भाषा नको, ओठ वाचा, तोंडानं बोला. पोरांच्या हातांवर छड्या बसल्या. बाबासाहेबांवाचून गोलमेज परिषद कशी झाली असती, तशी ही. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 साल उजाडलं. अमेरिकेत गॅलोडेट हे बहिऱ्यांचं विद्यापीठ 1864 चं, पण 124 वर्षांत एकही बहिरा अध्यक्ष नाही. मार्च 1988 ला पुन्हा ऐकू येणारी बाई नेमली. पोरांनी फाटकं बंद केली. आठवड्यात बाई गेल्या, आय. किंग जॉर्डन हा बहिरा प्राध्यापक अध्यक्ष झाला.

पँथर हे नाव आपण 1972 ला तिकडच्या काळ्या पँथरांकडून घेतलं. त्यांचं एक काम आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. एप्रिल 1977, सॅन फ्रान्सिस्को. अपंगांच्या हक्कांच्या 1973 च्या कायद्याचे नियम सरकार दाबून बसलेलं. दीडशेच्या आसपास माणसं सरकारी कचेरीत घुसली आणि जवळजवळ चार आठवडे हलली नाहीत. फोन तोडले, तर बहिऱ्यांनी खिडकीतून हातांनी बाहेर निरोप धाडले. रोज गरम जेवण घेऊन यायचे ब्लॅक पँथर. त्यांचा ब्रॅड लोमॅक्स चाकाच्या खुर्चीवर आत ठाण मांडून होता. सरकारला सही करावी लागली. पँथरांनी जेवण पोचवलं, माईक हिसकावला नाही.

आपल्या वऱ्हाडात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग, मूकबधिर पोरांना आपलं नाव दिलं. 123 पोरांचा बाप एक माणूस. 2024 ला पद्मश्री मिळाली, पण अठरा वर्षं झाली की ही पोरं कुठं जाणार, हे त्यांनी सरकारला विचारलेलं जास्त मोठं. त्यांच्यापुढं मान झुकते. तरीही पुढचा माणूस त्या पोरांतूनच यायला पाहिजे. सप्टेंबर 2023 ला सारा सनी ही बहिरी वकील सुप्रीम कोर्टात दुभाष्यासह उभी राहिली. कोर्टाला जे जमलं ते आपल्या सभेला का जमू नये?

कागद भरपूर आहेत. 2016 चा कायदा आहे, नोकरीत 4 टक्के, त्यातला 1 टक्का बहिऱ्यांचा. दिल्लीत 2015 पासून सांकेतिक भाषेचं केंद्र आहे, त्याचा दहा हजार शब्दांचा कोश आहे. 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. हा खेळ आपल्याला पाठ आहे, आपल्याला 'हरिजन' केलं होतं. मेहकरची विधानसभेची जागा राखीव आहे, निदान आपल्यातला कुणी तिथं उभा तरी राहतो. बहिऱ्याला कुठली जागा? आणि दलित बहिऱ्याला?

पुढच्या बैठकीला तो कमिटीवर बसणार आहे. दर रविवारी तो आम्हाला खुणा शिकवतोय. आम्ही ढ आहोत, तो वैतागतो. 6 डिसेंबरच्या सभेला मंचावर दुभाष्या पाहिजे, आणि तो शहरातून आणावा लागेल. डीजेच्या वर्गणीतून त्याचं येण्याजाण्याचं भाडं आणि मानधन आरामात निघतं. डीजे अर्धा तास कमी वाजला तर कुणी मरत नाही. पैसे या महिन्यात जमा करा.