कच्ची वही घेऊन ये



सेवानिवृत्तीनंतर माझी सायंकाळ पालटली आहे. पूर्वी त्या वेळी दिवसाची रोकड जुळली की नाही, ही चिंता असे. आता त्याच वेळी सोसायटीतील तीन-चार मुले गणिताच्या वह्या घेऊन आमच्या घरी येतात. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. मी गणिताचा शिक्षक नव्हे. तरीही नववी-दहावीच्या गणितापुरते मुलांना माझे साहाय्य घ्यावेसे वाटते आणि मलाही त्या निमित्ताने पुन्हा विद्यार्थी होता येते.

मागील आठवड्यात नववीत शिकणारी माझी नात एक प्रश्न घेऊन आली. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे सिद्ध करावयाचे होते. तिने वहीत दहा उदाहरणे लिहिली होती. ३ आणि ५ यांची बेरीज ८, ७ आणि ९ यांची १६, याप्रमाणे. "आजोबा, दहाही वेळा सम आली. झालं ना सिद्ध?"

व्यवहारात आपणही असेच वागतो. दहा वेळा माल चांगला आला, की अकराव्या वेळी पेटी न उघडताच पावतीवर सही करतो. मी तिला अठराव्या शतकातील थोर गणिती ऑयलर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक दाखला दिला. एखादी संख्या घ्यावी, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवावी आणि वर ४१ मिळवावेत. ० घेतल्यास ४१ येतात, १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३. या साऱ्या मूळ संख्या. असे ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते. ४० घेतल्यावर मात्र १६८१ येतात, आणि ते तर ४१ गुणिले ४१! सलग ४० वेळा खरे ठरलेले विधान पुढच्याच वेळी खोटे ठरते.

नात जराशी हिरमुसली. "मग माझ्या दहा उदाहरणांचा उपयोगच नाही?"

"आहे ना. विधान खरं असावं, असं त्यांनी तुला सुचवलं. आता ते खरं का आहे, ते शोध. विषम संख्येच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर उरतं किती?"

"एक."

एवढे विचारून मी थांबलो. दहा मिनिटे ती पेन्सिल चावत बसली. मग एकाएकी म्हणाली, "दोन्हींकडे एकेक उरतो, आणि त्या दोघांची जोडी लागते!" पुढचे तिने स्वतःच लिहिले. पहिली संख्या २क + १, दुसरी २ख + १, बेरीज २(क + ख + १), म्हणून सम. ही सिद्धता दहा उदाहरणांची नव्हे, साऱ्याच विषम संख्यांची झाली.

ती दहा मिनिटे गप्प राहणे मला किती जड गेले, हे मीच जाणतो. माझा मुलगा दहावीत होता तेव्हा माझ्यापाशी ही दहा मिनिटे नव्हती. बँकेतून थकून येत असे. त्याने भूमितीची वही पुढे केली, की मी सुवाच्य अक्षरात सिद्धता लिहून देत असे आणि तो ती उतरवून घेत असे. वहीभर 'बरोबर'च्या खुणा होत्या. परीक्षेत मात्र त्याला दोन ओळीही सुचल्या नाहीत. मी त्याच्या आळसाला बोल लावला. गेल्या वर्षी सहज बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, तुम्ही झरझर लिहून द्यायचात ना, तेव्हा वाटायचं, हे आपल्याला कधीच जमणार नाही." आज तो दुकान उत्तम सांभाळतो, टक्केवारी तोंडी करतो, पण मुलीने गणिताचे पुस्तक उघडले की खोलीतून उठून जातो. माझ्या घाईची ही वसुली आजही चालू आहे.

आपल्या व्यापारी घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : उत्तर आले की पुरे, सिद्धतेचा खटाटोप कशाला? त्यांना मी तेरजेचे उदाहरण देतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नव्हे. एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली तरी तेरीज जुळतेच. एखादी नोंद मुळातच राहून गेली तरी जुळते. म्हणून हिशेबतपासनीस नोंदीमागचे व्हाउचर मागतो. भूमितीच्या सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कारण लिहावे लागते, तेच त्या विधानाचे व्हाउचर होय.

यास्तव माझ्याकडे येणाऱ्या मुलांसाठी मी एकच नियम ठेवला आहे : कच्ची वही घेऊन ये. खाडाखोड असली तरी चालेल, कोरी नको. मग मी तीन गोष्टी विचारतो. पक्ष काय, म्हणजे दिलेले काय आहे? साध्य काय? आणि गाडी नेमकी कोठे अडली? 'मला काहीच येत नाही' असे म्हणणारे मूल या तीन प्रश्नांची उत्तरे देता देता पुष्कळदा आपले आपणच मार्गी लागते. गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच क्रम सांगितला आहे : आधी प्रश्न समजून घ्या, मग योजना आखा, ती पार पाडा आणि शेवटी मागे वळून पाहा.

मदत करणाऱ्यानेही पथ्य पाळावे. एका वेळी एकच सूचना द्यावी. स्वतःला येत नसेल तर तसे मोकळेपणी सांगावे. "उद्या शाळेत बाईंना विचार आणि मलाही समजावून सांग," एवढे म्हणण्यात वडीलकी कमी होत नाही. आणि चुकीला हसू नये. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात 'गणितसारसंग्रह' रचणारे आपले महावीराचार्य केवढे अधिकारी गणिती! पण संख्येला शून्याने भागले तर ती तशीच राहते, असे त्यांनीही लिहून ठेवले. आज ते मान्य नाही. एखाद्या मुलाने ५ भागिले ० बरोबर ५ असे लिहिले, तर रागावण्याऐवजी विचारावे, "मग ५ गुणिले ० किती यायला हवेत?" चूक त्याची त्यालाच सापडेल.

गेल्या रविवारी नातीने तो विषम संख्यांचा प्रश्न आपल्या पप्पांना घातला. तो उठू लागला, तसा तिने त्याचा हात धरला आणि कच्ची वही पुढे सरकवली. त्याने ३ आणि ५ यांपासून प्रारंभ केला. मला उत्तर सांगण्याचा मोह आवरेना, म्हणून मीच उठून आतल्या खोलीत गेलो.